पिसासारखी फळी आणि सरांचं एक मिनिट

बाल्सा नावाचं पिसासारखं हलकं लाकूड घासलं की इतका बारीक भुसा उडतो, की आठवड्यानं तो डाळीच्या डब्यातही सापडतो. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे. कितीही झटका, कुठून तरी निघतातच. मी विमा विकतो, त्यामुळं वाढवून सांगायची मला सवय नाही. घडलं तेवढंच सांगतो.

आम्ही तिघं बाल्साची छोटी विमानं बनवतो. मी, शहागंजातले फर्निचरवाले सलीमभाई आणि गणित शिकवून रिटायर झालेले जाधव सर. मोटर नाही, रिमोट नाही. दोरीनं पतंगासारखं वर चढवायचं, सोडायचं आणि बघत राहायचं. सरांची एकच इच्छा, आपलं विमान एकदा तरी पूर्ण एक मिनिट हवेत राहावं. रेकॉर्ड एक्केचाळीस सेकंदांचा. त्यातले नऊ सेकंद ते लिंबाच्या झाडात होतं.

सर म्हणायचे, "हात बरोबर आहे माझा. लाकूड जड पडतंय."

*

सलीमभाई ग्रुपमध्ये आले ते बाल्साच्या एका फळीपायी. सर ती घेऊन त्यांच्या दुकानात गेले, म्हणाले, जरा रंधा मारून द्या. सलीमभाईंची हयात सागवानात गेलेली. त्यांनी फळी नखानं दाबली. खड्डा पडला.

"सर, इसको लकडी नक्को बोलो. ये लकडी की अफवा है."

तेवढ्यात गेलेली लाइट आली, पंखा फिरला आणि फळी रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानात. सलीमभाई तिच्यामागं पळाले. परत आले ते आमचे मेंबर होऊनच.

*

एकाच मापाच्या दोन बाल्सा फळ्या घ्या, एक दुसरीच्या दुप्पट जड निघू शकते. म्हणून तोलून निवडाव्या लागतात. किचनच्या काट्यावर सरांचा भरवसा नाही. हाताशी होत्या त्या पाच फळ्या घेऊन ते थेट औरंगपुऱ्यातल्या एका सराफाकडं गेले. त्यानं चहा मागवला आणि एकेक फळी तोलायला घेतली. आकडा वाढला की सरांचं तोंड उतरायचं, घटला की खुलायचं.

शेवटी सराफ म्हणाला, "सर, वडिलांच्या वेळेपासून गादीवर बसतोय. वजन कमी भरलं म्हणून खूश होणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय."

*

त्या पाचही सरांना जडच वाटल्या. मग बेंगळुरूहून सहा मागवल्या. पार्सल काही येईना. सरांनी कुरिअरवाल्याला फोन लावला.

"सर, तुम्हाला फसवलं हो त्यांनी. खोका रिकामाय. मी हातात घेऊनच ओळखलं. रिटर्न पण टाकला, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

सरांनी बेंगळुरूला कळवलं, पुन्हा पाठवा, पण वजनाला सोबत एक वीट टाका.

पार्सल आलं. वीट सुखरूप होती. सहा फळ्यांतली एक वाचली होती.

*

पण ती एक काय होती! डोळे मिटून तळहातावर घेतली तर हात रिकामाच वाटायचा. आता तिचे पंख कापायचे, एवढंच. पण सरांचा हात धजेना.

"ही चांगल्या विमानासाठी ठेवू."

पलंगपोसात गुंडाळून त्यांनी ती कपाटावर ठेवली. दोन वर्षं. दर रविवारी खाली काढायचे, आम्हाला दाखवायचे, परत ठेवायचे. आणि जड लाकडाची विमानं तीस-पस्तीस सेकंदांत खाली.

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा म्हणाल्या, "अहो, माझी पैठणी आणि तुमची फळी, दोघी चांगल्या दिवसाची वाट बघतायत. आधी कोण म्हातारी होते बघू."

पुढच्या बुधवारी आम्ही गेलो, तर काकू पैठणी नेसून मेथी निवडत बसलेल्या. सरांनी पाहिलं. कपाटावरची फळी खाली काढली आणि कटरला नवं ब्लेड लावलं.

*

रविवारी सकाळी बायपासपलीकडच्या माळावर आम्ही तिघं आणि काकू. विमान वर चढलं, दोरी सुटली, सरांनी मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू केलं.

एक मिनिट झालं. कुणी हाललं नाही. दोन झाली. वर घारी घिरट्या घालत होत्या, विमान त्यांच्यात जाऊन मिसळलं. एक घार जागा द्यायला बाजूला सरकली, हे मी स्वतः पाहिलं.

सलीमभाई घाबरले. "सर, बस हो गया. वापस बुलाव उसको."

"कसं बोलावू?"

विमानाचा ठिपका झाला, ठिपका दौलताबादकडं गेला आणि दिसेनासा झाला. संध्याकाळपर्यंत आम्ही माळ पालथा घातला. नाही मिळालं. सरांच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

परवा सरांचा मोबाइल अडकायला लागला म्हणून त्यांच्यासोबत क्रांती चौकातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं स्क्रीनवर बोट खालीवर केलं.

"काही नाही सर, मागं स्टॉपवॉच चालू राहिलंय कधीचं. एकदा फोन बंद करून चालू करतो."

सरांनी झटकन फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"बंद कसा करता? विमान हवेत आहे."