निवांत गाण्यांचा बेसवाला

बेसवाल्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेल्या वर्षापासून ऐकेनाशी झाली होती. औषधं चालू होती. बायकोखेरीज हे कुणालाच ठाऊक नाही, अशी त्याची समजूत होती.

म्हाताऱ्याच्या नव्या आल्बमचं रेकॉर्डिंग चाललं होतं. म्हातारा म्हणजे गायक. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, गिटार घेऊन स्वतःच गायचा. त्याच्यामागे बेस गिटार वाजवण्यात बेसवाल्याचं अर्धं आयुष्य गेलं. म्हाताऱ्याचा एक हट्ट होता. सगळ्यांनी एकाच खोलीत बसून एकदम वाजवायचं. तुकडे जोडायचे नाहीत. चूक झाली तर गाणं पहिल्यापासून. दारावरचा लाल दिवा लागला की आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही.

या खेपेला सगळी गाणी संथ होती. रेकॉर्डिस्ट म्हणायचा, म्हातारा निवला बरं का. बेसवाल्यालाही बरं वाटायचं. बोटांना उसंत मिळत होती.

एका दुपारी चहाच्या वेळी रेकॉर्डिस्टने चुकून भलतंच लावलं. म्हाताऱ्याने घरी एकट्याने गाऊन पाठवलेली मूळ चाल. गाणं तेच, पण दुप्पट वेगाने उधळलेलं. रेकॉर्डिस्टने झटकन बंद केलं आणि तो नको इतकं मन लावून वायर गुंडाळायला लागला. ड्रमर कपात बघत बसला. बेसवाला काय समजायचं ते समजला. अख्खा आल्बम त्याच्या दोन बोटांसाठी हळू चालला होता.

बायको म्हणाली, एवढं कोण करतं कुणासाठी? त्याला तेच बोचत होतं. हाकलून दिलं असतं तर सुटला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने म्हाताऱ्याला गाठलं. माझ्या भाचीला घे म्हणाला, बेसवर तिचा हात माझ्यापेक्षा तयार आहे.

"तुझं गाणं पळणारं आहे रे. माझ्यापायी लंगडं करू नकोस."

"मला आता असंच आवडतं," म्हातारा गिटारची खुंटी पिळत म्हणाला. खोटं बोलायचं असलं की तो नेहमी खुंटी पिळायचा.

शेवटच्या गाण्याला लाल दिवा लागला. बेसवाल्याने ठरवलं होतं, गाणं पाडायचं. पुन्हा लावतील, पुन्हा पाडायचं. कंटाळून तरी भाचीला बोलावतील. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्याने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

ड्रमर गोंधळला, मग त्याच्याही काठ्या थांबल्या. म्हातारा थांबला नाही. गिटार सोडून नुसत्या गळ्याने अख्खं कडवं गायला. त्याचा श्वास खोलीभर ऐकू येत होता. कडवं संपलं तसं त्याने बेसवाल्याकडे पाहिलं. पुढचा सूर बेसचा होता. बेसवाल्याचा हात जुन्या सवयीने उठला.

दिवा विझला. मग रेकॉर्डिस्ट घसा साफ करत म्हणाला, हे पुन्हा नाही व्हायचं, हेच राहू दे.

"काय मोक्याला थांबलास," म्हातारा म्हणाला. हात खुंटीवर नव्हता.

आल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातही ते कडवं. आता प्रत्येक कार्यक्रमात त्याचीच फर्माईश होते. बेसवाला दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवतो आणि पुढच्या रांगेतली माणसं त्या हातांकडे टक लावून बघतात.

नुसतं थांबणं भाचीलाही जमेल, असं एकदा गाडीत बसताना त्याने म्हणून पाहिलं.

"तुझ्यासारखं थांबायला तूच लागतोस."

बेसवाल्याने म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहिलं. पण गिटार केव्हाच पेटीत गेली होती.