टाचेखालचं बटण

"मावशी, चप्पल काढा. आत पूजा मांडलीये."

दारातला शिपाई म्हणाला. मी काढली.

नगरच्या एका संस्थेचा दवाखाना. लकवा मारलेल्यांसाठी तिथे नवा विभाग सुरू होणार होता आणि मला चालून दाखवायला बोलावलं होतं. माझ्या उजव्या गुडघ्याखाली पट्टा बांधलेला. पट्ट्यात विजेचं छोटं मशीन. मशीनमधून एक वायर खाली चपलेच्या टाचेत गेलेली आणि टाचेखाली एक चपटं बटण. टाच उचलली की बटण सुटतं, मशीन नसेला करंट देतं आणि लोंबणारा पंजा वर येतो. टाच टेकली की करंट बंद. सगळा खेळ त्या बटणावर. चप्पल नाही तर बटण नाही, आणि बटण नाही तर मशीन म्हणजे पायाला बांधलेली नुसती डबी.

हे मला माहीत होतं. चार महिने मी दुसरं काय शिकत होते? तरी मी वाकले, वायरची पिन काढली, पट्टी सोडली आणि चपला भिंतीला लावून ठेवल्या.

आत पाहुणे बसले होते. मशीनं देणगीत देणारे, पुण्याहून आलेले. त्यांच्या पायात बूट होते. "लेस सोडत बसू नका, राहू द्या हो," असं ताईसाहेब त्यांना म्हणाल्या ते मी दाराशी उभी राहून ऐकलं होतं. ताईसाहेब म्हणजे संस्थेच्या अध्यक्ष. दवाखाना त्यांचा, कॉलेज त्यांचं, गावाकडची बागायत त्यांची. टेबलावर नव्या मशीनचे खोके मांडले होते. खोक्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं, पुढे फोडलेला नारळ. पायाला बांधायची वस्तू, पण पूजेला बसली म्हणून तिच्यासमोर चप्पल चालत नव्हती. आम्हीही दसऱ्याला कोयत्याला हळदकुंकू लावतो. पण ऊस तोडायला चप्पल घालूनच जातो.

"आता पेशंट चालून दाखवेल," माईकवरून सांगितलं.

साडी आधीच गुडघ्यापर्यंत वर खोचायला लावली होती. पट्टा सगळ्यांना दिसावा म्हणून. मी निघाले. पहिलं पाऊल डाव्या पायाचं, ते नीट पडलं. दुसऱ्याला उजवा पंजा फरशीवर घासत आला. पुढच्या वेळी सतरंजीच्या कडेत अंगठा अडकला आणि मी पालथी पडले. पडताना टेबलाचं कापड हाताला आलं. नारळाची एक भकल माझ्याजवळ येऊन थांबली.

एका पाहुण्याने विचारलं, "मशीन चालत नाही का?"

ताईसाहेब हसल्या. "मशीन उत्तम आहे हो. यांना झेपत नाही. कितीही शिकवा, मुळात समजच नसते."

दोघे-तिघे हसले. मोठ्याने नाही, जेवढं शोभतं तेवढंच.

भिंतीला टेकून फिजिओवाल्या मॅडम उभ्या होत्या. त्यांनीच मला चालायला शिकवलं होतं. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग दाराकडे. त्यांना कळलं होतं. तोंडातून एक शब्द काढला नाही. शिपायाने मला उठवलं. मला काहीच वाटलं नाही. लाजसुद्धा नाही. गुडघा सोलला होता तोही दुखला नाही.

माझी उजवी बाजू गेली ती कोपरगावकडच्या उसाच्या फडात. आम्ही पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की नवरा-बायको तोडीला जायचो. त्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन मी ट्रॉलीच्या फळीवर चढत होते आणि अर्ध्यात पाय गेला. वाटलं घसरला. खाली पडल्यावर उठायला गेले तर हातही हलेना, तोंडही वळेना. नवरा पाणी मारत होता, आणि मी त्याला ओळखत असून नाव घेता येत नव्हतं.

हळूहळू वाचा आली. हात आला. पाय मांडीपर्यंत आला, पंजा तेवढा आला नाही. ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात; जोडीशिवाय कोयता होत नाही, त्यामुळे तोड सुटली. नवरा गवंड्याच्या हाताखाली जायला लागला. मी घरात. परसाकडे जायचं तर सासूचा खांदा धरायचा. सासू कधी बोलली नाही. पण एक दिवस ती तापाने पडली, आणि मी दुपारपर्यंत दाबून धरून बसले. शेवटी बसल्या जागी झालं. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं वाईट दुसरं काही झालेलं नाही. पडले तेही नाही.

मग कुणीतरी या दवाखान्याचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पाय चांगला आहे. नससुद्धा चांगली आहे. फक्त मेंदूतून निरोप खाली पोचत नाही. तो निरोप हे मशीन देईल." गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो, त्याच्याजवळ त्यांनी दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि करंट हळूहळू वाढवला. आधी मुंग्या. मग पंजा आपला आपण वर आला. मी बघत बसले. माझाच पाय, पण दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. तेव्हा मात्र मी रडले.

व्हरांड्यात जमिनीवर दोन रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत चालायचं, मॅडम घड्याळ लावायच्या. सुरुवातीला मी पोचेपर्यंत त्यांचे दोन फोन उरकायचे. चौथ्या महिन्यात एकही उरकेना. मशीन घरी दिलं. सासूचा खांदा सुटला. शेळ्यांना पाणी मी नेऊ लागले. एसटीच्या थांब्यापर्यंत एकटी जाऊ लागले. पट्ट्या कुठे लावायच्या, करंट किती ठेवायचा, बॅटरी कधी बदलायची, सगळं मला येत होतं. मॅडम नव्या पेशंटला सांगायच्या, "यांना विचारा."

आणि मी चप्पल काढली.

त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "बटन त्यात हाय हे म्हाईत असून तू काढलीच कशी?"

मी पायाचा पट्टा सोडत राहिले.

मग तो म्हणाला, "म्या बी काढली आसती."

हे ऐकल्यावर मला राग आला. पडल्यानंतर पहिल्यांदा काहीतरी वाटलं. ताईसाहेबांचा राग नाही, शिपायाचाही नाही. माझ्या हाताचा. मला कुणी धमकावलं नव्हतं. शिपायाला एवढंच म्हणायचं होतं, 'बाबा, बटण चपलेत हाय.' पण तोंड उघडायच्या आधी हात खाली गेला होता. माझी आई पाटलाच्या दारावरून जाताना चपला काढून हातात घ्यायची. तिला कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. तीही आपोआप वाकायची, मीही तिच्या मागे वाकायचे. माझ्या पायाला माझ्या मेंदूचा निरोप पोचत नव्हता. हाताला मात्र पाटलाचा निरोप अजून पोचत होता.

आठ दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. मशीन घेऊन या, जमा करायचं आहे. का, ते सांगितलं नाही.

मी एकटीच गेले. पाथर्डीहून नगरची एसटी, तिथून पायी. ताईसाहेबांच्या खोलीबाहेर बाकावर तीन पेशंट बसले होते, सगळे पाय ओढणारे. त्यांच्या चपला भिंतीला ओळीने लावलेल्या. तोच शिपाई दारात.

"मावशी, चप्पल..."

"न्हाई काढायची," मी म्हणाले आणि आत गेले. आवाज माझाच होता. हात मात्र पुन्हा खाली जायला बघत होता. मी त्याने पदर घट्ट धरून ठेवला.

ताईसाहेब टेबलामागे होत्या. टेबलाखाली त्यांच्या पायात मऊ सपाता होत्या. मॅडम बाजूला फाईल घेऊन उभ्या.

"चप्पल बाहेर काढायची पद्धत आहे इथे," ताईसाहेब म्हणाल्या.

"चप्पल काढली की मी पडते. तुमी बघितलंय."

त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मॅडमना म्हणाल्या, "हिला वाचून दाखवा आणि अंगठा घ्या."

"मला सही येती," मी म्हणाले. सातवी झालेय माझी.

कागद इंग्रजीत होता. मॅडमनी मराठीत सांगितलं, खाली मान घालून. पेशंटला मशीन वापरता येत नाही. खेड्यातल्या, कमी शिकलेल्या पेशंटला हे मशीन झेपत नाही. म्हणून हे आणि नवी मशीनं संस्थेच्या पुण्यातल्या केंद्रात पाठवावीत, असं देणगीदारांना कळवायचं होतं.

मला आधी नीट कळलं नाही. मग दाराबाहेरचा बाक डोळ्यांपुढे आला. त्या तिघांनी अजून मशीन बघितलंही नव्हतं, आणि ते त्यांना झेपत नाही हे लिहून झालं होतं. माझ्या एका पडण्यावर.

मी विचारलं, "मॅडम, त्या दिवशी माझं बटन कुठं हुतं?"

मॅडमनी फाईल मिटली.

"तुमीच बसवलंय. सांगा ना. कुठं हुतं?"

"चपलेत," मॅडम म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ते ओठांवरून कळलं.

"आन् चप्पल कुठं हुती?"

"बाहेर."

"तो विषय नाही आता," ताईसाहेब म्हणाल्या.

"इषय त्योच हाय."

मग मी चालले. त्यांच्या खोलीत, दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत. पंजा प्रत्येक पावलाला वर आला. चप्पल फरशीवर वाजत होती. गालिच्यावरूनही गेले, मुद्दाम. मॅडम बघत होत्या. ताईसाहेब मोबाईलकडे बघत होत्या.

मी टेबलापाशी थांबले. "ह्यात ल्याहा, बाईला मशीन चालवता येतं. तिला चप्पल काढाया लावली म्हनून ती पडली. एवढं ल्याहा, मी सही करते. मशीन बी हितंच ठेवते आन् पाय वढीत घरी जाते."

हे म्हणताना मला शेळ्यांचं पाणी आठवलं, परसाकडची वाट आठवली, सासूचा खांदा आठवला. सगळं आठवत असून म्हणाले. त्यांनी तेवढी ओळ लिहिली असती तर मी खरंच मशीन काढून टेबलावर ठेवलं असतं.

ताईसाहेब म्हणाल्या, "मशीन संस्थेचं आहे. नेलंस तर चोरी होईल. पोलिसात देईन."

"द्या," मी म्हणाले.

मॅडमनी फाईल छातीशी धरली होती. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांची नोकरी आहे, मला कळतं. पण कळलं म्हणून मी त्यांना माफ केलं असं नाही.

बाहेर आले. बाकावर एक म्हातारबाबा होते, राजूरच्या डोंगरातले. दोन गाड्या बदलून आले होते. त्यांनी आतलं सगळं ऐकलं असावं. माझ्या पायाकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, चप्पल घालून गेलं तर बोलत न्हाईत का?"

"बोलत्यात," मी म्हणाले. "तरी घाला."

त्यांनी भिंतीपाशी लावलेल्या आपल्या चपलांकडे बघितलं. शिपायाकडे बघितलं. घातल्या नाहीत. मी थोडा वेळ थांबले, मग निघाले. वाईट वाटलं, पण त्यांना दोष कसा देऊ? माझा हात नाही का गेला खाली.

या गोष्टीला महिना झाला. कागद बदललेला नाही. दवाखान्यातून दोनदा फोन आला, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. खरं लिहा आणि मशीन घेऊन जा. तिसरा फोन आला नाही. गावात लोक म्हणतात, कशाला मोठ्यांच्या नादी लागतेस, पाण्यात राहून माशाशी वैर नको. मी पाण्यात नाही. आमच्याकडे पाणीच नाही.

चिकटपट्ट्या संपत आल्यात. त्या दवाखान्यातूनच मिळतात, आणि मला आता त्या कुणी देणार नाही. जुन्या ओल्या करून लावते, नीट चिकटत नाहीत. आणखी काही दिवसांनी करंट नसेला पोचणार नाही आणि पंजा पुन्हा खाली येईल, हे मला माहीत आहे.

त्याआधी मला एक काम करायचं आहे. देणगी देणाऱ्या त्या पाहुण्यांचा पत्ता मी मिळवलाय. कसा, ते सांगत नाही. सोमवारी पुण्याच्या गाडीत बसणार आहे. जे ताईसाहेबांनी लिहिलं नाही ते मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगणार आहे, आणि चालून दाखवणार आहे. साडी गुडघ्यावर खोचणार नाही. त्यांच्या दारातही कुणी सांगेल, चप्पल काढा.

सांगू दे.