कपाशीच्या रानातली माती

नातीने पुण्याहून कोळी आणला. तळहाताएवढा, केसाळ. मैत्रीण परदेशी निघाली म्हणून तिचा पाळलेला कोळी हिच्या गळ्यात पडला. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसली आणि शेजारणीला लाडू आहेत म्हणून सांगितलं.

त्याला काचेच्या पेटीत चार बोटं माती लागते, तो बीळ करतो. मातीऐवजी घालायची नारळाच्या भुशाची पिशवी ती पुण्यातच विसरली होती.

"माती काय इकत आणायची असती व्हय?" म्हणत मी घरामागच्या कपाशीतली टोपलंभर काळी माती आणली. चाळली, पाणी शिंपडलं. आडोशाला फुटक्या गाडग्याचा तुकडा ठेवला. मातीत ना मुंगी निघाली ना गांडूळ. मला ती स्वच्छ वाटली.

कोळी दोन पावलं चालला आणि काचेवर चढला. झाकणाला उलटा लटकून राहिला.

"नवी जागा हाय, आज्जे. आठ दिवस असंच करतेत," नात म्हणाली.

"नवी नवरी बी कोपरा धरून बसती."

"पर ती भिताडावर चढत न्हाई."

तिसऱ्या दिवशी तो खाली पडला. मागचे दोन पाय थरथरत होते. त्याला खायला सोडलेला नाकतोडा न खाताच मातीवर मरून पडला होता. नातीने माझ्याकडे पाहिलं.

"आज्जे, ह्या रानात फवारा कवा मारला?"

मी मुलाला विचारलं. "औंदा चार फवारे झालेत," तो म्हणाला.

नातीने कोळी परत डब्यात घेतला. मी टोपलं घेऊन मुंग्या असलेली माती शोधायला निघाले. आमच्या बांधावर मुंगी नव्हती. शेजाऱ्याच्या बांधावरही नव्हती. गायरानातही कापूस आहे, तिथंही फवाऱ्याचा पंप फिरतो. शेवटी स्मशानामागे बाभळीखाली मुंग्यांची रांग दिसली. हात घातला तर कडाडून चावल्या.

"स्मशानातली आणलीस?"

"मेलेली मानसं फवारा मारीत न्हाईत."

माती उन्हात पसरून मुंग्या घालवल्या. मग कोळ्याला सोडलं. तो एक पाय उचलून बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्याने पाय टेकला. दुसऱ्या सकाळी गाडग्याखाली बीळ होतं. एक मागचा पाय मात्र तो अजून ओढतो. कात टाकली की सरळ होईल, असं नात म्हणते. होईल किंवा न होईल.

पेटीतली जुनी माती मी रानात ओतायला गेले. दुसरीकडे कुठं टाकणार? तिथं कपाशीच्या ओळीत सून काकडीसारखी वाळकं लावते. खुरपताना तहान लागली की आम्ही तीच तोडून खातो. मुलगा बांधावर बसून एक खात होता. मी त्याला कोळ्याचं सगळं सांगितलं.

त्याने वाळूक धोतराला पुसलं.

"माय, ते कोळ्याचं पोट. आपलं मानसाचं हाय," म्हणाला आणि उरलेलं अर्धं माझ्यापुढे धरलं.