जी बॅटरी गाडीत नव्हती, तिचा वास

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते, हे आधीच सांगून टाकते. अकोल्याच्या जुने शहर भागात माझं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे. "गाडीत काहीतरी आहे हो, आपोआप हॉर्न वाजतो," म्हणत घाबरून आलेले लोक मी किती पाहिले... दर वेळी भूत म्हणजे वायरिंगमधलं शॉर्ट निघालं. तेव्हा आज मीच लिहायला बसले याचं घरच्यांना हसू येतंय. येऊ दे.

तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. बार्शीटाकळीच्या अलीकडे सुधाकरकाकांचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे. त्यांची एक पांढरी, जुनी अँबॅसिडर. तिच्या डिक्कीतून फुलं अकोल्याच्या बाजारात नेऊन काकांनी संसार उभा केला. आता त्यांच्या लेकीचं, योगिताचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिची पाठवणी याच गाडीतून करायची हा काकांचा हट्ट होता. पण गाडी बॅटऱ्या खात होती, म्हणून मी मळ्यावर गेले.

"नवी टाकली पोरी, थे बी गळून राहिली," काका म्हणाले. "जो येते तो मंते, बॅटरी बदला."

बॉनेट उघडलं. खालचा ट्रे अ‍ॅसिडनं खाल्लेला, टर्मिनलवर पांढरा भुगा, आणि सडक्या अंड्यासारखा वास. हा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. बॅटरी फुटलेली नव्हती, उकळून उतू जात होती. इंजिन रेस करून मीटर लावला तर काटा सोळा व्होल्टच्याही वर!

"काका, बॅटरीचा काही गुन्हा नाही. हा कटआउट तिले जास्त पाजून राहिला."

कटआउट म्हणजे डायनामोचं चार्जिंग आवरणारी डबी. तिचे पॉइंट चिकटले होते. मी ती बदलली, ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतला आणि तात्पुरती माझ्या दुकानातून आणलेली बॅटरी बसवली. काकांच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून ती मंद चार्जिंगवर लावली — मळ्यातल्या घराच्या उघड्या ओसरीत, हवेशीर जागी. एखादा सेल गेलाय का ते पाहायचं होतं. मग काकांना शेजारी बसवून चाचणीसाठी अकोल्याच्या रस्त्याला लागले. भर दुपार होती.

गाडी मस्त चालली होती. मळा बराच मागे पडला आणि... तोच वास. आधी हलका, मग डोळ्यांत चुरचुरेल इतका.

"आला ना तुमाले?" मी विचारलं.

काकांनी नाकाला रुमाल लावला होता. "आपलं काम फसलं वाट्टे."

मला राग आला. माझं काम फसलेलं नव्हतं. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. बॅटरी थंड, कोरडी. मीटर चौदावर, हवा तिथेच स्थिर. इंजिनपाशी वास नाही, रस्त्यावर नाही... फक्त गाडीच्या आत. हात हुंगले, ओढणी हुंगली, डिक्कीसुद्धा उघडून पाहिली. काही नाही.

माझ्या डोक्यात सरळ हिशोब चालला होता. वास ओव्हरचार्जचा आहे, यात शंका नाही. या गाडीत ओव्हरचार्ज नाही, यातही शंका नाही. मग ओव्हरचार्ज होऊ शकेल अशी एकच बॅटरी उरते, ओसरीतली. हिशोब वेड्यासारखा होता, कळत होतं मला... तरी मी काकांकडे वळले.

"काका, काकूंना फोन लावा."

रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. मी गाडी फिरवली आणि दामटली. काका "काऊन, काय झालं?" विचारत राहिले. वास फाटकापर्यंत होता. फाटकातून आत शिरलो आणि एकदम गेला.

ओसरीत बॅटरी नव्हती.

पलीकडे फुलं ठेवायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. दारात काकू, एका हातात धुपाटणं, दुसऱ्यात काडेपेटी.

"काकू, काडी ओढू नका! बाहेर या!"

माझा आवाज ऐकून त्या जागीच थिजल्या. काकांनी धावत जाऊन त्यांना अंगणात ओढलं. मी आधी मेन स्विच पाडला, कारण चार्जरचे क्लिप ओढले असते तर ठिणगी पडली असती. मग दार-खिडक्या सताड उघडून बराच वेळ थांबले. आत बॅटरी फुगली होती, खदखदत होती. उकळत्या बॅटरीतून निघणारा गॅस बंद खोलीत साठला की एक काडी पुरते.

काकू रडवेल्या झाल्या. "वासरू वायर चघळून राहिलं होतं बापा, मनून मीच उचलून आत लावली. मंग असा वास सुटला... मले वाटलं उंदीर सडला. मनून ऊद लावून राहिली होती."

बॅटरी हलवताना चार्जरचं बटण मंदवरून जलदवर फिरलं होतं. इथवर सगळं मला समजावून सांगता येतं, आणि कुणी विचारलं तर ठासून सांगते.

लग्न थाटात झालं. योगिता त्याच गाडीतून सासरी नांदगाव खंडेश्वरला गेली. काका म्हणतात, त्यांची कुलदेवी गाडीत येऊन बसली होती. मी मान डोलावते, पण मानत नाही.

परवा योगितानं फोनवर विचारलं, "ताई, खरं सांगा, वास तिथवर आला कसा?"

"वाऱ्यानं आला असेल," मी म्हटलं.

त्या दुपारी वारा समोरून होता, अकोल्याकडून.