शकीलाची दुसरी दुरुस्ती

शकीला गेल्याचं तिच्या भावानं कामरगावहून फोनवर सांगितलं, तेव्हा मी वाशीमच्या आमच्या संगणकवर्गाचं कुलूप उघडत होते. बारा वर्षं आम्ही दोघींनी तो चालवला. ती शिकवायची, मी बाकीचं बघायची.

दुपारी वर्ग रिकामा झाला की ती एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर वाचत बसायची. पंख्यापासून प्रिंटरपर्यंतच्या यंत्रांशी बोलणारे हे प्रोग्राम. त्यांतली मजकूर जुळवणारी काही जुनी फंक्शन्स पुढे जागा किती आहे हे न बघताच लिहीत सुटतात आणि शेजारची माहिती पुसतात. ती बदलायची आणि दुरुस्ती ईमेलनं तपासणाऱ्यांकडे पाठवायची, हा तिचा छंद. पैसे मिळत नाहीत हे कळल्यावर मी विचारलं, ''मंग काहून करतं वं?'' तर म्हणाली, ''चुकलेलं दिसलं का माया हात थांबत नाही.''

पहिली दुरुस्ती पाठवली त्या दिवशी तिनं वर्गाला समोसे खाऊ घातले. तीन दिवसांनी तपासणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं... दुरुस्तीच चुकली होती. तिचं नवं फंक्शन लिहायचं जागेपुरतंच, पण जागा असती तर किती लिहिलं असतं तो आकडा सांगायचं. त्या आकड्यावर विसंबून पुढचा मजकूर पुन्हा हद्दीबाहेर जाणार होता. तिनं चहाला हात लावला नाही. आता हे बंद, म्हणाली. मला त्या अनोळखी माणसाचा राग आला. चांगलं खरमरीत उत्तर लिही, असंही मी सुचवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. तुमचं बरोबर आहे, दुसरी दुरुस्ती सोबत जोडली आहे. मी कुरकुरले, तशी ती हसली. ''अवं, त्यानं एकेक अक्षर वाचलं. इतक्या ध्यानानं मायं लिहिलेलं आजवर कोनं वाचलं?''

ती दुरुस्ती स्वीकारली गेली. त्यानंतर बऱ्याच गेल्या. पण प्रत्येक नव्या बॅचला ती आपली पहिली चूकच फळ्यावर मांडायची, अगदी रंगवून, आणि मुलांच्या आधी स्वतःच हसायची.

गेल्या आठवड्यात वर्गाला रंग दिला. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर ते चूक दाखवणारं पत्र छापून चिकटवलेलं आहे. तेवढा चौकोन सोडून रंग लाव, असं मी रंगाऱ्याला सांगितलं. इंग्रजी अक्षरांकडे बघत त्यानं विचारलं, ''मॅडमचं सर्टिफिकेट हाय काय?''

मी हो म्हटलं.