मशीन हाय म्हणतंय

आमच्या जोतीराममामांचा साखरेवर राग. पांढरी साखर घरात आलेली त्यांना खपायची नाही. त्यांच्या गुऱ्हाळावरून बिद्रीच्या कारखान्याची चिमणी दिसते. तिच्याकडं हात करून ते म्हणायचे, "ते कारखान्याचं, हे आपलं." आपलं म्हणजे गूळ. मामा पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे. काहिलीत रस उकळत असताना पाक कधी आला, हे ते दोन बोटांत घेऊन सांगत आणि ते चुकल्याचं मी तरी ऐकलं नाही. अशा माणसाला कुणी शिकवायला गेलं, तर शिकवणाराच वेडा ठरतो. तो वेडा मी, सयाजी, त्यांचा भाचा.

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं मोटारीच्या सुट्ट्या भागांचं दुकान आहे आणि मधुमेह माझ्याकडं मामांच्या आधीपासून मुक्कामाला आहे. त्यामुळं गावातल्या तपासणीत मामांना साखर निघाली, तेव्हा बोटातून रक्त काढून आकडा दाखवणारं मशीन मीच त्यांना नेऊन दिलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, महिन्यानं परत या म्हणून सांगितलं होतं. मामांनी गोळ्या घेतल्या. परत जाणं मात्र हंगाम संपेपर्यंत लांबवलं. बाहेरचा साखरेचा चहा त्याच दिवशी बंद केला आणि घरचा गुळाचा वाढवला. वर मलाच विचारलं, "साखरंचा आजार हाय न्हवं? मग गुळाचा काय संबंध?"

पहिल्यांदा मशीन लावलं ते गुऱ्हाळावरच. सकाळची वेळ, पोटात काही नाही. आकडा आला तीनशे चाळीस. मग त्यांची बोटं बघितली, तर गूळ लागलेला. साबणानं हात धुवायला लावून, पुसून परत बघितलं, तर दोनशे बारा. उपाशीपोटी दोनशे बारा म्हणजे काही शाबासकीचा आकडा नव्हे. पण मामांनी सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "बघा, धुतल्यावर उतरली की. हाताचीच साखर हुती."

त्या दिवसापासून कुठलाही आकडा आला की मामांचं उत्तर तयार. दोनशे ऐंशी? हाताला गूळ असंल. तीनशे दहा? हाताला गूळ असंल. मी फोनवर चिडायचो. म्हणायचो, मामा, धुतलेल्या हातानं सकाळचा आकडा लागोपाठ चढा येत असेल तर ते बोटातलं नाही, रक्तातलं आहे, डॉक्टरांकडं चला. त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "काहील चढल्यावर गुळव्या उठत नसतोय." कुणाचं ऐकायचं नाही ही आमच्या आजोळची इस्टेट, आणि मामांनी ती वाढवून ठेवली होती.

माघात मामांना ताप आला. तोंडाची चव गेली, जेवण जाईना. जेवण नाही तर गोळी कशाला, म्हणून गोळीही बंद. तहान मात्र अशी की घागर पुरेना. अशक्तपणा आलाय म्हणून ते गुळाचं पाणी पीत राहिले. जेवढं पीत तेवढी तहान वाढे, आणि तहान वाढली की पुन्हा गुळाचं पाणी. तशा अंगानं गुऱ्हाळावर खाट टाकून, पडल्या पडल्या पाकाचे हुकूम चालूच.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक असताना मामीचा फोन आला. बायडामामी कधी फोन करत नाही.

"सयाजी, मामास्नी उलट्या व्हाय लागल्यात. मशीन लावलं. मशीन हाय म्हणतंय."

"किती हाय?"

"किती न्हाय रं, नुस्तं हाय. ह्यांनीच वाचलं. म्हणत्यात, साखर हाय का इचारलं तर हाय म्हणतंय. असणारच की."

एक क्षण मला हसू येणार होतं. मग लक्षात आलं. मशीनवर इंग्रजीत एच आणि आय ही दोन अक्षरं येतात, ती मराठी बोलत नाहीत. साखर मशीनच्या मापाच्या वर गेली, आता आकडा दाखवता येत नाही, असा त्यांचा अर्थ. हे मला माझ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

"हाताला गूळ न्हवता?"

"मी सोता साबणानं धुतला. दोनदा."

"श्वास कसा चाललाय?"

"भात्यावानी. आन् बोलता बोलता डोळं मिटाय लागल्यात."

"मामी, गुळाचं पाणी आता थेंबभर नको. गाडी काढायला सांग आणि तडक कोल्हापूरला आण. मी सरकारी दवाखान्याच्या दारात उभा राहतो."

पलीकडून मामांचा आवाज आला, जड, पण अजून मालकाचा. "पाक आला की जाऊया."

त्यावर मामीनं जे केलं, ते मामांच्या उभ्या हयातीत कुणी केलं नव्हतं. तिनं चुलवाणातला जाळ बाहेर ओढायला सांगितला. भरल्या काहिलीखालचा. "गूळ पुन्यांदा हुईल," ती म्हणाली. "ह्यांला उचला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मामांना बघितलं आणि पुढचं सगळं धावपळीतच झालं. सलाईन, इन्सुलिन, तपासण्या. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की आजारपणात शरीर आपणहून साखर वाढवतं, तेव्हा गोळी बंद करायची की नाही हे घरात ठरवायचं नसतं, फोन करून विचारायचं. गुळाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर सारखीच," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते."

मामी बाहेरच्या बाकावर बसली होती. आतून कुणीही आलं की ती उभी राहायची आणि एकच विचारायची, "आमचं मालक हाईत न्हवं?" मला तिच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आहेत मावशी. आकडा खाली यायला लागलाय." मामी पदर तोंडाला लावून रडली. मीही रडलो.

या हंगामात मामा परत गुऱ्हाळावर आहेत. नळापाशी साबणाची वडी आलीय. पाक अजून तेच बघतात, चव मात्र दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावतात. गूळ न्यायला आलेल्या पावण्यांना फुकटचा सल्लाही मिळतो. "हात धुवून बघायचं. सकाळी सारखी चढी आली तर डाक्टर. तीनशेच्या वर गेली आन् उलटी, धाप न्हायतर गुंगी असली तर पाकाची वाट बघत बसायचं न्हाय." हे सगळं त्यांनीच शोधून काढलंय अशा थाटात.

मी रोज सकाळी फोन करतो. मामा लगेच आकडा सांगायला लागतात, "एकशे अठ्ठावीस, हात धुवून." मी म्हणतो, आकडा मागनं. आधी सांगा, तुम्ही हायसा न्हवं?

"हाय की रं," मामा म्हणतात.