आजारी खोलीतला रविवार

साकोलीच्या बाहेर, हायवेला लागून आमची मुलींची निवासी शाळा आहे. तिथे मी नर्स आहे. शाळेतली नर्स म्हणजे सुखाची नोकरी, असं माहेरी वरठीला सगळ्यांना वाटतं. त्यांनी इथे एक पावसाळा काढून दाखवावा! आजारी खोलीला लागूनच माझी खोली, मध्ये दार नाही, नुसता पडदा. मुली शाळेत आहेत तोवर मी फाटकाबाहेर पडायचं नाही. त्यांच्या सुट्टीची वाट त्यांच्याहून जास्त मीच बघते.

सुटायचा एकच रस्ता दिसत होता. सरकारी दवाखान्यातल्या नर्सभरतीची परीक्षा, नागपूरला, रविवारी. पुढच्या भरतीत माझं वय बसणार नव्हतं. मागे लागून लागून हेडमास्तरांकडून रजा मिळवली. ते म्हणाले, "जा सिस्टर, पण आजारी खोली रिकामी पाहिजे. एक जरी पोरगी पलंगावर असली तर तुम्हाले सोडता येत नाई." त्या आठवड्यात मुलींना मी असं जपलं की विचारू नका. कोणी शिंकलं तरी मी थर्मामीटर घेऊन धावायचे.

शुक्रवारी नववीतली एक मुलगी घामोळ्या दाखवायला आली. मी तिच्या पाठीला पावडर लावत होते, तेवढ्यात व्हरांड्यात तिच्या आईचा आवाज आला. ती एकोडीहून मुलीला न्यायला आली होती. रोवणा लागला, म्हणजे भाताची लावणी सुरू झाली, की अशा आया येतातच. मुलीने माझं मनगट धरलं.

"मॅडम, मोठ्या बहिणीले बी रोवण्यालेच नेलं होतं. तिचं लगनच लावून देलं. मले नका पाठवू."

आई दारात आली आणि मुलीची लालेलाल पाठ बघून तिथेच थांबली. डोक्यावर पदर ओढला. "बाप्पा! माता आली का जी हिले?"

कांजिण्यांना आमच्याकडे माता म्हणतात. माता आलेल्या पोराला जागचं हलवत नाहीत, उंबऱ्याबाहेर काढत नाहीत, घरात फोडणीसुद्धा देत नाहीत. आई माझ्याकडे बघत होती. घामोळ्या आहेत म्हटलं की ती मुलीला घेऊन रोवण्याला जाणार आणि मी नागपूरला. मला तो पेपर हवा होता, फार हवा होता. त्या मुलीचा रागच आला मला, नेमकं आजच कशाला आली म्हणून.

"हो," मी म्हणाले. "माता आहे."

आईने दारातूनच हात जोडले. अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी आणून उंबऱ्यावर ठेवली आणि एकटीच परत गेली. हेडमास्तरांनी बाकी मुलींना तिकडे फिरकायची बंदी केली. माझी रजा आपोआपच रद्द झाली. त्या खोलीत आम्ही दोघीच उरलो.

रविवारी सकाळी नागपूरच्या बसचा हॉर्न ऐकू आला. मुलगी पलंगावर मांडी घालून पोहे खात होती.

"मॅडम, नर्स व्हायले काय करा लागते?"

मी सांगितलं. सायन्स घेऊन बारावी, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. शाळेतल्या नर्सचं वेगळं शिक्षण नसतं. जागा मिळेल तिथे जायचं.

"आन् सरकारीत?"

"परीक्षा द्यावी लागते."

"मंग तुमी काहून नाई देली?"

"आज आहे."

तिने ताटली खाली ठेवली. मग पलंगावरून उतरून पायाने चपला शोधायला लागली.

"जा न मॅडम तुमी. घामोळ्याच होत्या म्हणून सांगा सरांले. मी जातो घरी."

मी तिच्यावर खेकसलेच.

"गप पड पलंगावर. माता आली आहे तुला."